‘ते आले की विचारू’: संस्थेतल्या जाणकारांचं ज्ञान नोंदवायचं आणि जपायचं कसं

कोणत्याही कार्यालयात, कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत दोन दिवस नुसतं बसून राहिलं तरी एक वाक्य कानावर पडतंच: ‘थांबा, ते रजेवरून आले की विचारू.’ हे ‘ते’ बहुतेक वेळा साहेब नसतात. वर्षानुवर्षं एकाच यंत्रावर हात बसलेला एखादा फिटर असतो, जुन्या करारांची कलमं तोंडपाठ असलेल्या एखाद्या बाई असतात, किंवा सर्व्हर अडकला की आधी कुठली सेवा बंद करायची हे नेमकं ठाऊक असलेला एखादा अबोल प्रोग्रॅमर असतो. जाणकारांचं ज्ञान नोंदवण्याचं काम तुमच्याकडे नव्यानं आलं असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर एक वही करा. हे वाक्य ऐकू येईल तेव्हा तारीख, विषय आणि ‘ते’ म्हणजे कोण, एवढंच लिहीत चला. दोन आठवड्यांत कुणाला काय येतं याचा कच्चा नकाशा हातात येतो.

नवखी माणसं सहसा याच्या उलट दिशेनं जातात. मीही गेलो होतो. पहिल्यांदा हे काम मिळालं तेव्हा शेअर ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींची यादी केली, प्रत्येकीला विभाग आणि विषय लावला आणि दोनशेहून जास्त ओळींची सुबक एक्सेल शीट वरिष्ठांपुढे ठेवली. कौतुक झालं. त्यानंतर ती शीट कुणी उघडली नाही. काम अडलेला माणूस फाइल शोधत नाही, माणूस शोधतो.

कागदावर काय उतरतं आणि काय उतरत नाही

मायकेल पोलानी या विचारवंतानं १९६०च्या आसपास एक साधी गोष्ट नीट मांडली: माणसाला जेवढं येतं, तेवढं सगळं त्याला शब्दांत सांगता येत नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस असं विचारून बघा. अशा ज्ञानाला अव्यक्त ज्ञान म्हणतात आणि आपल्या कामातली खरी अडचण हीच आहे.

ते हरवलं की काय होतं याचा गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. पाणबुडीवरून डागायच्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ नावाचा पदार्थ लागत असे. १९७५ ते १९८९ या काळात तो तयार झाला आणि नंतर उत्पादन थांबलं. पुढे २०००च्या सुमारास या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की नोंदी तुटपुंज्या आहेत आणि जाणकार जवळजवळ सगळे निवृत्त झालेत किंवा सोडून गेलेत. पदार्थ पुन्हा जमवायला कित्येक वर्षं आणि बराच पैसा गेला. त्यातही गंमत अशी, की नव्या प्रक्रियेत कच्चा माल आधीपेक्षा जास्त शुद्ध होत होता आणि तेच नडत होतं. जुन्या मालात राहून जाणारी एक अशुद्धी त्या पदार्थाला आवश्यक होती, आणि हे मूळच्या कारागिरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यांना वेळेवर गाठून विचारलं असतं, तरी ही एक गोष्ट त्यांनी सांगितली नसती. मुलाखतीवर विसंबून चालत नाही, प्रत्यक्ष काम पाहावं लागतं, ते यासाठी.

उलटा दाखला नासाचा. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनांची रेखाचित्रं जपून ठेवलेली होती. तरी २०१३च्या सुमारास तरुण अभियंत्यांनी एक जुनं इंजिन उघडलं, तेव्हा कागद आणि प्रत्यक्ष इंजिन यांत ठिकठिकाणी फरक निघाला. प्रत्येक इंजिन जुळवताना कारागिरांनी आपल्या हातानं बारीकसारीक फेरफार केले होते आणि ते कुठेच लिहिलेले नव्हते. फाइल जागेवर होती आणि कसब निघून गेलं होतं.

पायरी १: एकच काम निवडा

‘संपूर्ण संस्थेचा ज्ञाननकाशा’ असं काही मनात असेल तर ते सध्या सोडून द्या. एक विभाग किंवा एक प्रक्रिया घ्या. निवडताना एवढंच बघा: कोणतं काम दोन दिवस बंद पडलं तर सगळ्यांची धावपळ उडेल? बिलिंग असेल, एखादी उत्पादनरेषा असेल, जुनी संगणकप्रणाली असेल. पहिला नकाशा सहा आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. त्याहून लांबला तर वरिष्ठांचा उत्साह मावळतो, आणि खरं सांगायचं तर आपलाही.

पायरी २: फोन कुणाला जातो ते शोधा

हुद्द्यांचा तक्ता बाजूला ठेवा. विभागातल्या प्रत्येकाला, अगदी गेल्या महिन्यात रुजू झालेल्यालाही, तीन प्रश्न विचारा. अडलात की कुणाला विचारता? कशाबद्दल विचारता? ते नसतील तर दुसरं कोण? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला की त्या नावाभोवती लाल वर्तुळ करा. संगणकाच्या जगात अशा जागांना ‘बस फॅक्टर एक’ म्हणतात. अचानक उद्यापासून किती माणसं आली नाहीत तर काम ठप्प होईल, त्याचा तो आकडा.

ज्यांची नावं पुढे येतील त्यांनाही हेच विचारा, कारण जाणकारालाही कुणीतरी जाणकार लागतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर तीच तीच नावं येऊ लागली की थांबा. या कामात तुम्हाला एक-दोन धक्के बसतील. ‘तज्ज्ञ’ अशी पाटी असलेल्या माणसाला कुणीच फोन करत नाही, आणि भांडारात काम करणाऱ्या एका बाईंना मात्र तीन विभाग विचारतात, असं दिसतं. कधी नाव बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाचं निघतं. तसं असेल तर ते ज्ञान संस्थेत नाहीच, आणि ही बातमी वर लगेच कळवायला हवी.

दुरुस्तीच्या तक्रारींच्या नोंदी, हेल्पडेस्कचे तिकिटं बंद केल्याचे शेरे, पाळीबदलाच्या वहीतले शेरे यांतूनही नावं मिळतात. लोकांचे खासगी मेल किंवा चॅट मात्र चाळू नका. एकदा का ‘हे पाळत ठेवतात’ अशी कुजबुज झाली, की पुढच्या पायऱ्यांना तुमच्याशी कुणी मोकळेपणानं बोलणार नाही.

पायरी ३: तक्ता असा भरा

नकाशासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, साधा तक्ता पुरतो. रकाने सहा: काम, कुणाला येतं, किती येतं, दुसरं कोण, कागद कुठे आहे आणि ही नोंद शेवटची कधी तपासली.

मेख पहिल्या रकान्यात आहे. तिथे ‘बॉयलर देखभाल’ असं लिहिलंत तर त्यातून कुणालाच काही कळणार नाही. ‘बॉयलरचा दाब अचानक घसरला तर कारण शोधणं’ असं लिहा. ‘ग्राहक संबंध’ नको. ‘रुसलेल्या जुन्या ग्राहकाशी थकबाकीचं बोलणं करणं’ असं हवं. क्रियापदानं संपणारी ओळ लिहिली की ज्ञान कुठे लपलंय ते आपोआप दिसायला लागतं.

‘किती येतं’ या रकान्यात एक ते दहा गुण देऊ नका. कुणाचे सात आणि कुणाचे आठ यावरून भांडणं होतात. चार साधे शब्दप्रयोग पुरे: दुसऱ्याला शिकवू शकतो; एकट्यानं करतो; कुणी सोबत असेल तर करतो; फक्त ऐकून माहीत. हे माणसानं स्वतःबद्दल सांगावं आणि सहकाऱ्यानं त्याला दुजोरा द्यावा. हा तक्ता वार्षिक मूल्यमापनासाठी वापरला जाणार नाही, असं वरिष्ठांकडून लेखी घ्या. हे न करता पुढे गेलात तर तक्त्यात सगळेच सर्वज्ञ निघतील.

पायरी ४: आधी कुणाकडे बसायचं

सगळ्यांकडे बसायला वेळ नसतो, म्हणून क्रम लावावा लागतो. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या अमेरिकी सरकारी वीजसंस्थेनं यासाठी एक सोपा हिशेब वापरला आणि पुढे इतरांनीही तो उचलला. माणूस किती लवकर जाणार याला १ ते ५ गुण, त्याच्याकडचं ज्ञान किती दुर्मीळ आणि महत्त्वाचं याला १ ते ५ गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. २५ आले तर आजच खुर्ची ओढून बसा.

पण गुणाकाराच्या आहारी जाऊ नका. दोन माणसांचे १० गुण आलेत असं समजा. एकाचे ५ गुणिले २, म्हणजे पुढच्या वर्षी निवृत्ती पण काम बऱ्यापैकी सर्वांना येणारं. दुसऱ्याचे २ गुणिले ५, म्हणजे निवृत्ती लांब पण तो एकटाच जाणकार. पहिल्याला नीट हँडओव्हर पुरेल. दुसऱ्याच्या हाताखाली आत्ताच कुणीतरी बसायला हवं, कारण ते काम अंगवळणी पडायला वर्षं लागतील. शिवाय आजारपण, बदली, दुसरीकडची चांगली नोकरी यांपैकी काहीच निवृत्तीच्या तारखेत दिसत नाही.

पायरी ५: जाणकारासोबत बसणं

इथे घाई करू नका. सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

‘तुम्ही हे कसं करता?’ हा सर्वांत वाईट प्रश्न. त्यावर जाणकार मॅन्युअलमधलंच सांगतो, किंवा ‘त्यात काय, सवयीनं येतं’ म्हणून विषय मिटवतो. तो लपवत नसतो. त्याला स्वतःलाच ते वेगळं काढून दाखवता येत नाही. त्याऐवजी घडलेला प्रसंग मागा: ‘शेवटचं हे बिघडलं तो दिवस आठवतो का?’ गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास करताना हीच वाट धरली. ते प्रमुख म्हणत, आम्ही निर्णय वगैरे काही घेत नाही, समोर दिसतं ते करतो. प्रसंग खोलात जाऊन विचारल्यावर कळलं, की परिस्थितीतल्या खुणा ओळखून ते क्षणात एक मार्ग पकडत आणि तो मनातल्या मनात तपासून बघत.

एकच प्रसंग तीन वेळा फिरवायचा. पहिल्या फेरीत मध्ये न बोलता नुसतं ऐका. दुसऱ्या फेरीत घटनाक्रम लिहून वाचून दाखवा आणि ‘इथं मध्ये काही सुटलं का?’ असं विचारा. हमखास दोन-चार गोष्टी सुटलेल्या असतात. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणावर थांबा. तेव्हा नक्की काय दिसलं? आवाज, वास, आकडा, कुणाचा चेहरा? दुसरं काय करता आलं असतं, आणि ते का नाही केलं? याच जागी नवखा असता तर कुठे फसला असता?

हा शेवटचा प्रश्न माझा लाडका. जाणकाराला स्वतःचं कौशल्य सांगायला संकोच वाटतो, पण नवख्यांच्या चुका सांगायला त्याची जीभ सैल सुटते. ‘पोरं काय करतात, गेज बघतात आणि लगेच व्हॉल्व्ह फिरवतात. अरे, आधी पाइपला हात लाव!’ या एका वाक्यात मॅन्युअलमध्ये नसलेली खूण मिळाली: पाइप किती गरम हवा? किती वेळ हात टिकतो? दोन्ही बाजूंना लावायचा का? असं धागा धरून पुढे जायचं.

बसण्याबद्दल काही बारीक गोष्टी. एका वेळी दीड तासाहून जास्त नको. शक्य तिथे जागेवरच बसा. मीटिंगरूममध्ये हात बोलत नाहीत. आवाज किंवा व्हिडिओ नोंदवायचा तर परवानगी घ्या, पण नुसत्या रेकॉर्डिंगला नोंद समजू नका. तासाभराचा व्हिडिओ रात्री दोन वाजता अडलेला माणूस बघत बसणार नाही. आणि प्रश्न विचारायला पुढे ते काम करणारा माणूसच बसवा, तुम्ही बाजूला बसून लिहा. त्याचे भाबडे प्रश्न तुमच्या तयार प्रश्नावलीपेक्षा जास्त कामाचे ठरतात.

पायरी ६: लिहा, आणि हाताला शिकवा

नोंद दोन पानांची पुरे. वरती ‘हे कधी लागेल’, मग खुणा, मग कृती, मग ‘इथे सगळे फसतात’, आणि तळाशी जाणकाराचं नाव. मसुदा त्याला वाचायला देण्याऐवजी शिकणाऱ्यानं तो त्याला आपल्या शब्दांत समजावून सांगावा. जाणकार जिथे ‘नाही नाही, तसं नव्हे’ म्हणेल तिथे खरी दुरुस्ती होते.

तरीही लिहिण्यानं सगळं भागेल असं धरून चालू नका. १९७०च्या दशकात हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञानं टीईए नावाच्या प्रकारचा लेसर बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा मागोवा घेतला. छापलेले लेख सगळ्यांना उपलब्ध होते. पण ज्यांनी तो लेसर स्वतः चालवून दाखवला होता अशा माणसांशी थेट संपर्क असल्याशिवाय तो कुणालाच जमला नाही. जोडणीच्या तारा किती लांब चालतात यासारखे तपशील महत्त्वाचे आहेत, हेच लिहिणाऱ्यांना जाणवलं नव्हतं.

म्हणून जोडी लावा. आधी जाणकार करतो आणि शिकणारा बघतो. मग शिकणारा करतो आणि जाणकार सांगतो. मग जाणकार हात खिशात घालून गप्प उभा राहतो. हा तिसरा टप्पा जाणकाराला फार जड जातो. त्याला आधीच बजावून ठेवा. नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात हे उरकायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कुणी हातचं राखून सांगतो तेव्हा

तो दुष्ट असतोच असं नाही. ‘सगळं सांगितलं की माझी गरज काय?’ ही भीती खरी आहे, आणि काही ठिकाणी ती अनुभवातून आलेली असते. तुमची संस्था ज्ञान काढून घेऊन माणसाला बाजूला करणारी असेल, तर या लेखातली एकही पायरी तिथे चालणार नाही.

बक्षिसाचा मोह दाखवावा का? झेरॉक्स कंपनीनं १९९०च्या दशकात यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या एकत्र करणारी ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. प्रत्येक युक्ती आधी जाणकार सहकारी तपासत आणि मग ती मांडणाऱ्याच्या नावासह सर्वांना मिळे. पैसे देण्याची कल्पना पुढे आली तेव्हा तंत्रज्ञांना ती रुचली नाही. त्यांना नाव हवं होतं. नाव लावा, आणि या कामासाठी रोजच्या कामातून वेळ मोकळा करून द्या. ‘जमेल तसं फावल्या वेळात सांगा’ असं म्हटलं की ते होत नाही, कारण जाणकाराला फावला वेळ नसतोच.

पायरी ७: बाहेर जाऊ न देणं

आतापर्यंत ज्ञान हरवू नये म्हणून पसरवत होतो. आता उलट बाजू: सगळंच सगळ्यांना द्यायचं नसतं. ही ओढाताण कायम राहते. प्रत्येक नोंदीपुरता निर्णय घ्यावा लागतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेबद्दलच्या करारातलं कलम ३९ इथे उपयोगी पडतं. एखादी माहिती व्यापारी गुपित म्हणून संरक्षण मिळण्यास पात्र ठरायला तीन अटी आहेत: ती त्या क्षेत्रातल्या लोकांना सहज ठाऊक नसावी, गुपित असल्यामुळे तिला व्यापारी मोल असावं, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकानं वाजवी उपाय केलेले असावेत. तिसरी अट तुमच्या टेबलावरची आहे. कुणालाही उघडता येईल अशा फोल्डरमध्ये मिश्रणाचं प्रमाण पडलं असेल, तर नंतर कोर्टात ‘हे आमचं गुपित’ म्हणणं अवघड जातं. पेटंट घेतलं तर साधारण २० वर्षांचं संरक्षण मिळतं, पण शोध जाहीर करावा लागतो. यातलं काय निवडायचं हे वकिलाशी बोलून ठरवा, देशागणिक तपशील बदलतात.

तुमच्या हातात असलेलं एवढं: प्रत्येक नोंदीवर ‘सर्वांसाठी’, ‘विभागापुरतं’ किंवा ‘ठरावीक नावांपुरतं’ असा शिक्का. तिसरा शिक्का मोजक्या नोंदींवरच मारा. सगळंच गोपनीय ठरवलं की कुणी काहीच गोपनीय मानत नाही. अतिशय नाजूक प्रक्रिया असेल तर तिचे टप्पे वेगवेगळ्या माणसांकडे ठेवता येतात, मात्र प्रत्येक टप्प्याला दोन माणसं हवीत. पासवर्ड नकाशात कधीच लिहू नका, ते कुठल्या तिजोरीत आहेत तेवढं लिहा. आणि हो, तुमचा नकाशा हाच एक नाजूक कागद आहे. कुणाला पळवलं तर ही संस्था लंगडी पडेल, याची ती आयती यादी असते.

सोडून जाणाऱ्या माणसाशी बोलताना रेषा स्पष्ट ठेवा. कंपनीची सूत्रं, ग्राहकयाद्या, आराखडे इथेच राहतात. त्यानं कमावलेलं सर्वसाधारण कसब त्याच्यासोबत जाणार, ते अडवता येत नाही आणि अडवूही नये.

पायरी ८: नकाशा शिळा होऊ न देणं

वर्षातून एकदा सगळं तपासू, असं ठरवलेलं कधीच होत नाही. त्याऐवजी प्रसंग ठरवा: कुणी राजीनामा दिला, बदली झाली, नवं यंत्र आलं, मोठा बिघाड झाला, की त्या त्या ओळी उघडायच्या. मोठ्या बिघाडानंतर आठवड्याच्या आत सगळ्यांना बसवून काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला आणि पुढे काय बदलायचं, एवढं बोलून घ्या. संस्था आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकानुसार प्रमाणित असेल तर २०१५च्या आवृत्तीतलं कलम ७.१.६ संस्थात्मक ज्ञानाबद्दलच आहे. वरिष्ठ दाद देत नसतील तेव्हा लेखापरीक्षणाचं नाव काढा, कामाला येतं.

जुन्या नोंदी काढून टाकायलाही शिका. बदललेल्या यंत्राची जुनी युक्ती तशीच राहिली तर ती नसण्यापेक्षा घातक असते.

आणि शेवटी परीक्षा. लाल वर्तुळातल्या जाणकाराला दोन आठवडे खरोखरच्या रजेवर पाठवा, फोन बंद ठेवून. अपवाद फक्त सुरक्षिततेच्या प्रश्नांचा. या काळात तुमची पहिली वही पुन्हा काढा आणि ‘ते आले की विचारू’ किती वेळा, कशाबद्दल ऐकू आलं ते लिहा. ते परत आल्यावर त्यांच्यासमोर ती पानं ठेवा. पुढचे प्रसंग कोणते विचारायचे ते त्यातूनच ठरेल.